217 फराळाचे डबे आणि दिनांक नसलेला एक तक्ता: बहुराज्यीय करकायदा संशोधन सेवेचा अकरा महिन्यांचा अनुभव

मागील वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका क्लायंटसाठी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विक्रीकर नोंदणीचा अर्ज मी पूर्ण भरून ठेवला होता. अर्ज पाठवण्यापूर्वी मूळ कलम एकदा डोळ्यांखालून घालायचे, ही माझी जुनी सवय आहे. त्याप्रमाणे मी त्या राज्याच्या कायद्यातील 105-164.8 हे कलम उघडले, आणि ज्या 200 व्यवहारांच्या मर्यादेच्या (ती ओलांडली की राज्याबाहेरच्या विक्रेत्यालाही नोंदणी करून कर गोळा करावा लागतो) आधारे मी अर्ज भरला होता ती मर्यादा त्या कलमात कोठेच नव्हती. 1 जुलै 2024 पासून ती काढून टाकण्यात आली होती. मी मात्र ज्या तुलनात्मक तक्त्यावर विसंबले होते, त्यात साडेचार महिन्यांनंतरही "एक लाख डॉलर किंवा 200 व्यवहार" असेच छापलेले होते. तक्ता आणि कलम ही दोन्ही एकाच सेवेतील होती, आणि त्या सेवेसाठी मी वर्षाचे 1,980 डॉलर आगाऊ भरलेले होते. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण हेच आहे. सेवेचे नाव मी लिहीत नाही; अशा सेवा कशा चालतात हे ठाऊक असलेल्या वाचकांना त्याची गरज भासणार नाही.

मी न्यू जर्सीत एकटीने करसल्ल्याचे काम करते. माझे बहुतेक क्लायंट लहान व्यावसायिक आहेत. त्यांपैकी एक काकू महाराष्ट्रातून सीलबंद फराळ आणि चिक्की मागवतात आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून देशभर विकतात. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात 21 जून 2018 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. राज्यात दुकान किंवा कोठार नसलेल्या विक्रेत्याकडूनही कर गोळा करून घेता येतो हे त्या निकालाने मान्य केले, आणि तेव्हापासून काकूंसारख्या विक्रेत्यांच्या दृष्टीने प्रत्येक राज्याची मर्यादा हा जिव्हाळ्याचा प्रश्न झाला. साउथ डकोटाची एक लाख डॉलर किंवा 200 व्यवहार ही मर्यादा अनेक राज्यांनी जशीच्या तशी उचलली. मोठ्या विक्रेत्याला त्यातील पहिला भाग अडवतो. साठ-बासष्ट डॉलरचा एकेक डबा विकणाऱ्याला दुसरा भाग अडवतो. दिवाळीच्या मोसमात काकूंचे नॉर्थ कॅरोलायनात 217 डबे गेले आणि त्यांची एकूण रक्कम साडेतेरा हजार डॉलरच्या आसपास होती. मर्यादेचा दुसरा भाग लागू असता तर नोंदणी अटळ होती. तो रद्द झालेला असल्यामुळे नोंदणीचे काहीच कारण नव्हते. अर्ज गेला असता तर त्यामागून विवरणपत्रे, मुदती, शून्य कर असला तरी भरावयाचे कागद आणि माझे शुल्क, असा सगळा भार साडेतेरा हजारांच्या विक्रीवर पडला असता.

तक्रारीकडे वळण्यापूर्वी पहिल्या सहा महिन्यांविषयी लिहिणे न्यायाचे होईल, कारण त्या काळात मी या सेवेवर मनापासून खूष होते. एप्रिल 2024 मध्ये मी ती घेतली तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न असा होता की चिक्कीवर कर लागतो का आणि शंकरपाळ्यांवर लागतो का. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर प्रत्येक राज्यात वेगळे आहे. विक्रीकरात एकसूत्रता आणण्यासाठी अनेक राज्यांनी मिळून केलेला 'स्ट्रीमलाइन्ड' करार 2005 साली अमलात आला, आणि न्यू जर्सी व नॉर्थ कॅरोलायना ही दोन्ही त्याची सदस्य राज्ये आहेत. त्या करारातील 'कँडी'च्या व्याख्येत साखर, मध किंवा इतर गोड पदार्थ आणि सुकामेवा, फळे वगैरे एकत्र करून केलेल्या वड्या-तुकडे येतात. मात्र ज्यात पीठ आहे, किंवा जो पदार्थ थंड ठेवणे आवश्यक आहे, तो कँडी ठरत नाही. त्यामुळे गूळ-शेंगदाण्याची चिक्की कँडी ठरते आणि मैद्याची शंकरपाळी ठरत नाही. न्यू जर्सीत कँडीवर 6.625 टक्के कर आहे आणि साधारण खाद्यपदार्थांवर काहीच नाही. नॉर्थ कॅरोलायनात खाद्यपदार्थांवर केवळ 2 टक्के स्थानिक कर आहे, तर कँडीवर राज्याचे पूर्ण 4.75 टक्के आणि त्याशिवाय स्थानिक कर लागतो.

बेसनाच्या लाडवांशी आल्यावर मी अडले होते, आणि या सेवेचे खरे मोल मला तेथे कळले. शोधखिडकीत दोन-तीन शब्द टाकताच कराराच्या नियमावलीतील नेमका परिच्छेद समोर आला. पीठ धान्याचेच असले पाहिजे असे बंधन नाही, परंतु वेष्टनावरील घटकांच्या यादीत 'पीठ' या अर्थाचा इंग्रजी शब्द स्पष्ट छापलेला असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे वेष्टनावर नुसते 'बेसन' लिहिले असेल तर लाडू कँडीच्या बाजूला झुकतो, आणि 'हरभऱ्याचे पीठ' असे इंग्रजीत लिहिले असेल तर तो खाद्यपदार्थात राहतो. पुरवठादाराला वेष्टन बदलण्यास सांगा, हा सल्ला मी काकूंना त्याच दिवशी दिला. चिक्की आणि चकल्या एकाच डब्यात, एकाच किमतीला विकल्या तर काय, हा पुढचा प्रश्नही तेथेच सुटला. खाद्यपदार्थ असलेल्या डब्यातील करपात्र वस्तूंची किंमत निम्म्याहून अधिक नसेल, तर तो डबा सरसकट करपात्र असा एकत्रित व्यवहार मानला जात नाही. ही तरतूद एरवी शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या असत्या. येथे वीस मिनिटे लागली.

कराराबाहेरच्या राज्यांत वाट वेगळी होते. पेनसिल्व्हेनियात कँडी करमुक्त आहे. न्यू यॉर्क आणि टेक्सासमध्ये ती करपात्र आहे, पण न्यू यॉर्कमध्ये पाच लाख डॉलरहून अधिक विक्री आणि शंभराहून अधिक व्यवहार या दोन्ही अटी एकदम पूर्ण झाल्याशिवाय दूरस्थ विक्रेत्यावर बंधन येत नाही, आणि टेक्सासची मर्यादाही पाच लाखांची आहे. ही सगळी माहिती सेवेत नीट होती. त्याहूनही मला आवडलेली सोय म्हणजे, कोणतीही मागील तारीख निवडली की त्या दिवशी लागू असलेले कलम समोर येते. करतपासणी नेहमी झालेल्या वर्षांची होते, त्यामुळे आजचा कायदा ठाऊक असणे पुरेसे नसते. सप्टेंबरपर्यंत मला कोणी विचारले असते, तर निःसंकोच घ्या असेच मी सांगितले असते.

आता त्या तक्त्याविषयी. पन्नास राज्ये उभी, विषय आडवे, आणि प्रत्येक चौकटीत एक-दोन ओळींचे उत्तर, अशी त्याची रचना आहे. कामाच्या धावपळीत माणूस प्रथम तक्ताच उघडतो आणि सेवा विकणारे प्रतिनिधीही तक्ताच दाखवतात. त्याच्या कोणत्याही चौकटीत ती शेवटची केव्हा तपासली गेली याचा दिनांक नाही. चूक सापडल्यावर मी इतर राज्ये तपासली. वायोमिंगने 200 व्यवहारांची अट नॉर्थ कॅरोलायनाच्याच दिवशी, म्हणजे 1 जुलै 2024 पासून रद्द केली, आणि तो बदल तक्त्यात होता. इंडियानाचा 1 जानेवारी 2024 चा बदल होता. खुद्द साउथ डकोटाने 1 जुलै 2023 पासून ही अट काढली, तोही होता. या बरोबर असलेल्या चौकटींनीच माझा तक्त्यावरचा विश्वास अधिक डळमळीत केला. सगळा तक्ता जुना असता तर ते एका दृष्टिक्षेपात कळले असते. येथे ताज्या आणि शिळ्या चौकटी शेजारीशेजारी, एकाच अक्षरात, एकाच रंगात उभ्या होत्या, आणि त्यांतील कोणती कोणत्या दिवसाची हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

मी ग्राहक सेवेला लिहिले. पहिले उत्तर तीन दिवसांनी आले, आणि तक्ता केवळ मार्गदर्शनासाठी असून मूळ कायदा वापरकर्त्याने स्वतः पडताळावा, असा खुलासा त्यात होता. हा खुलासा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आहेच आणि तो मला मान्यही आहे. पडताळणी हे माझे काम आहे. पण कोणती चौकट आधी पडताळावी हे ठरवण्यासाठी तरी दिनांक हवा, हा माझा मुद्दा होता. दुसऱ्या पत्राला दोन आठवडे लागले. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनाची चौकट दुरुस्त झाली, परंतु दुरुस्तीची नोंद कोठेही ठेवली गेली नाही. आज ती चौकट पाहणाऱ्याला ती जुलैपासूनच बरोबर होती असे वाटेल. ज्यांनी त्या साडेचार महिन्यांत तिच्या भरवशावर नोंदणी केली असेल, त्यांना कोणी काही कळवले का, या माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही.

या ठिकाणी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली आणि ती या लेखातील सर्वांत उपयोगाची आहे असे मी मानते. स्ट्रीमलाइन्ड करारातील प्रत्येक सदस्य राज्य स्वतःचा करपात्रता तक्ता प्रसिद्ध करते. तो विनामूल्य आहे, सर्वांना खुला आहे आणि त्यावर दिनांक असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, राज्याच्या त्या तक्त्यातील चुकीच्या माहितीवर विसंबून विक्रेत्याने कमी कर आकारला, तर त्या कराच्या दायित्वातून त्याला संरक्षण देण्याची तरतूद करारातच आहे. विकत घेतलेल्या तक्त्यातील चुकीला असे कोणतेही संरक्षण नाही. दंड आणि व्याज क्लायंटचे आणि मान खाली घालणे सल्लागाराचे. चिक्कीसारख्या प्रश्नासाठी सदस्य राज्यांपुरता फुकटचा कागद माझ्या 1,980 डॉलरच्या तक्त्यापेक्षा कायद्याच्या दृष्टीने अधिक भक्कम आहे, हे मला वर्गणी भरण्यापूर्वी ठाऊक असते तर मी लहान योजना घेतली असती.

डिसेंबरमध्ये माझे मत पुन्हा थोडे बदलले, आणि तेही नोंदवले पाहिजे. माझ्या दुसऱ्या एका क्लायंटची लहान सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि तिचे काही ग्राहक शिकागोत आहेत. ऑनलाइन वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर इलिनॉय राज्य विक्रीकर लावत नाही, पण शिकागो शहर आपल्या भाडेव्यवहार कराखाली ते पकडते, आणि तो दर 1 जानेवारी 2025 पासून 9 टक्क्यांवरून 11 टक्के होणार होता. सेवेची सूचना मला वेळेत आली. तिच्यावर दिनांक होता, मूळ अध्यादेशाचा दुवा होता आणि जुना व नवा मजकूर समोरासमोर मांडलेला होता. म्हणजे हे काम नेमके कसे करावे हे त्या संस्थेला चांगले कळते. सूचना लिहिणाऱ्यांना दिनांक घालता येतो, मग तक्ता करणाऱ्यांना का येऊ नये, हा प्रश्न त्या सूचनेने माझ्या मनात अधिकच पक्का केला.

स्थानिक कराचा विभाग मात्र एरवी अपुरा आहे. कोलोरॅडोत सुमारे 70 शहरे आपला विक्रीकर स्वतः गोळा करतात आणि काय करपात्र हेही स्वतः ठरवतात. राज्याने खाद्यपदार्थ वगळले म्हणून शहरानेही वगळले असतील असे तेथे गृहीत धरता येत नाही. या शहरांचे दर सेवेत आहेत. व्याख्या बहुतांश नाहीत. त्यासाठी शेवटी शहराच्या संकेतस्थळावरच जावे लागते. लेटर रूलिंगचा, म्हणजे एखाद्या करदात्याच्या प्रश्नाला करखात्याने दिलेल्या लेखी उत्तरांचा, संग्रह चांगला आहे, पण असे पत्र बहुधा ज्याने मागितले त्याच्यापुरतेच बंधनकारक असते हे नवख्या वापरकर्त्याला तेथे कोठेही ठळकपणे सांगितलेले नाही.

एप्रिलमध्ये वर्ष संपते आणि नूतनीकरणाची रक्कम 2,140 डॉलर झाल्याचे पत्र आले आहे. मासिक योजना नाही, आणि केवळ कायद्याचा मजकूर व तारखेनुसार शोध, तक्त्याविना, असा पर्यायही नाही. तसा असता तर त्याला मी आनंदाने हजार डॉलर दिले असते, कारण तो भाग खरोखर चोख आहे. सध्या नूतनीकरण करायचे नाही असे मी ठरवले आहे आणि नकाराच्या कारणाच्या रकान्यात "प्रत्येक चौकटीत तपासणीचा दिनांक द्यावा" एवढेच लिहिले आहे.

मुदत संपेपर्यंतचे दिवस मी एका कामाला लावले आहेत. काकूंचे डबे ज्या चौदा राज्यांत जातात, त्यांचा माझा स्वतःचा तक्ता मी करत आहे. प्रत्येक ओळीत मर्यादा, ती चालू वर्षावर मोजायची की मागील बारा महिन्यांवर, करमुक्त विक्री मोजणीत धरायची का, चिक्की, लाडू, शंकरपाळी, आणि शेवटच्या रकान्यात मी मूळ कलम कोणत्या दिवशी वाचले ती तारीख. गेल्या दोन रविवारांत बारा राज्ये झाली. जॉर्जिया आणि मिशिगन बाकी आहेत.