न भाजलेली वीट: एका गवंड्याचा अभिप्राय

दाबलेल्या मातीची ही वीट चांगली आहे. कमी पैशात पक्कं घर बांधायचं आहे, जागेवरची माती विटेला मानवते आणि महिनाभर दम धरायची तयारी आहे, अशा कुटुंबाला मी हीच वीट सुचवेन. यातली एक जरी अट जमत नसेल, तर नेहमीच्या विटांचं बांधकाम बरं.

मी गवंडी. थापी हातात आली तेव्हापासून भाजक्या विटाच लावत आलो. अलीकडे एका संस्थेने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरांची ओळ बांधायला घेतली. तिथल्या सगळ्या भिंती दाबलेल्या मातीच्या विटांच्या होत्या, आणि त्या आमच्याच टोळीने उभ्या केल्या. माती, रेती, थोडं सिमेंट आणि बेताचं पाणी कालवून लोखंडी साच्यात भरायचं, झाकण लावायचं आणि लांब दांडा खाली ओढायचा. दाबलेली वीट साच्यातून वर येते, ती अलगद उचलून रांगेत मांडायची. भट्टी नाही, कोळसा नाही, वीज नाही. हे यंत्र काही आजचं नाही. १९५० च्या दशकात कोलंबियातल्या बोगोटा इथल्या गृहनिर्माण केंद्रात राउल रामिरेझ या इंजिनिअरने सिन्वा-राम नावाचं यंत्र बनवलं. आज मिळणारी बरीचशी हाती यंत्रं त्याच धर्तीवर बनतात.

विटेचा सगळा कस मातीत आहे. वरच्या थरातली मुळं नि पालापाचोळा असलेली माती घ्यायचीच नाही. ती काढून बाजूला रचायची, पुढे झाडांना उपयोगी पडते. त्याखालची माती चाळून घ्यायची. पारदर्शक बाटलीत थोडी माती आणि पाणी घालून जोरात हलवा आणि बाटली ठेवून द्या. रेती लगेच तळाला बसते, त्यावर गाळ बसतो, चिकणमाती सगळ्यात शेवटी. थर डोळ्यांना स्पष्ट दिसतात. साधारण निम्मी रेती, पाचवा हिस्सा चिकणमाती, उरलेल्यात बारीक खडे आणि गाळ, अशी माती असेल तर सिमेंट ५ टक्क्यांच्या आसपास पुरतं. चिकणमाती जास्त निघाली तर रेती मिसळा किंवा सिमेंटऐवजी चुना वापरा. भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी काळी माती असेल, तर तिच्या नादी लागू नका. तिला सुधारायला इतकी रेती नि चुना लागतो की स्वस्ताईच राहत नाही.

पाण्याचा अंदाज आम्ही गोळ्यावरून घ्यायचो. मुठीत दाबून केलेला गोळा छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर आहे. भुगा झाला तर पाणी कमी, नुसताच चपटा होऊन बसला तर जास्त. हे कालवलेल्या दर घाणीला करावं लागतं, कारण सकाळची माती दुपारी वेगळीच वागते.

पर्यावरणाचा मुद्दा खरा आहे, पण तो नीट समजून घ्यावा लागेल. भाजकी वीट हजार अंशांच्या आसपास भाजतात, आणि भट्टीसाठी अनेकदा शेतातली सुपीक माती उचलली जाते. ते दोन्ही इथे वाचतं. मात्र या विटेतही सिमेंट आहे, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ८ टक्क्यांच्या घरात आहे. ‘मजबुतीसाठी’ म्हणून कुणी दुप्पट सिमेंट घालायला लागला, की पैसेही गेले आणि पर्यावरणाचा फायदाही. चांगली माती दूरवरून ट्रकने आणली तरी तेच होतं. ही वीट स्वस्त पडते ती खालची माती तिथेच वापरल्यामुळे, जळण नसल्यामुळे आणि बाहेरून गिलावा टाळता येत असल्यामुळे. एरवी जळणात जाणारा पैसा इथे मजुरीत जातो. आमच्या कामावर ती मजुरी, ज्यांची घरं उभी राहत होती त्याच कुटुंबांतल्या बायाबापड्यांना मिळाली. मला या विटेची सर्वात आवडलेली गोष्ट ही.

विटांची सगळ्यात जास्त नासाडी होते ती पाणी मारण्यात हयगय झाली की. सिमेंट घातलेली वीट सावलीत, ओल्या गोणपाटाखाली किंवा प्लॅस्टिकखाली ठेवून ओलसर राखावी लागते. पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरायचे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला हे दिवस जड जातात हे मला कळतं, घाई तिथूनच सुरू होते. उपाय सोपा आहे: आधी विटा पाडायला घ्या आणि त्या मुरेपर्यंत पाया नि जोतं उरका. पाण्याची टंचाई असेल तर मात्र आधीच विचार करा, कारण उन्हात कोरडी पडलेली वीट नंतर कितीही भिजवली तरी सुधारत नाही.

भिंत रचायला हात वेगळा बसवावा लागतो. वीट भाजक्यापेक्षा मोठी आणि जड, कंबर बोलते. पण कडा सरळ असल्याने दोरीला थर सुरेख बसतो आणि सांधे कमी लागतात. साच्यात माती मापून भरली नाही तर जाडी कमी-जास्त होते, म्हणून ठरलेलं माप ठेवा. मसाला फार कडक सिमेंटचा नको; माती, रेती नि सिमेंटचा मऊ मसाला विटेशी चांगला धरतो. खिळा थेट ठोकलात तर वीट फुटते, भोक पाडून गुट्टी बसवा.

ओल हा या विटेचा खरा शत्रू. पूर्ण भिजलेल्या विटेची ताकद कोरडीच्या निम्म्यावर येऊ शकते. जोतं उंच हवं, त्यावर ओल अडवणारा थर हवा, छप्पर भिंतीबाहेर चांगलं पुढे आलेलं हवं. पुराचं पाणी येतं तिथे ही वीट मी लावणार नाही. भूकंपाचं विचाराल तर जोत्याला, दार-खिडक्यांवरच्या लिंटलला आणि छपराखाली सळईचे सलग पट्टे हवेतच. भाजक्या विटांच्या घरालाही ते सुटलेले नाहीत. हा खर्च वाचवून घर स्वस्त करणाऱ्याला कामावर ठेवू नका.

लोकांची शंका होती, ‘आम्हाला पुन्हा मातीचंच घर का?’ हा प्रश्न रास्त होता. ज्याने जन्मभर गळकी, ढासळणारी भिंत सोसली, त्याला माहितीपत्रक दाखवून काय उपयोग? संस्थेने एक गोष्ट फार शहाणपणाची केली: त्याच विटांचं समाजघर आधी बांधलं आणि एक अख्खा पावसाळा त्यावरून जाऊ दिला. लोक आत बसले, नखाने भिंत खरवडून पाहिली, दुपारी हात लावून गारवा पाहिला. मगच घरांचा निर्णय झाला, तोही त्यांचा. ज्यांना आतून गिलावा हवा होता त्यांना तो करून दिला. पर्यावरणपूरक साहित्य फक्त गरिबांच्या घरांना सुचवायचं आणि स्वतःचं कार्यालय काचेचं बांधायचं, हे मला पटत नाही.

तयार विटा विकत घेणार असाल तर ढिगातल्या आपल्या मनाच्या काही उचला आणि एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा. कोपरे विरघळले किंवा अंगठ्याने कड निघाली तर तो ढीग सोडा. यंत्र घेणार असाल तर साच्याच्या आतल्या पट्ट्या बोल्टने बसवल्यात का, हे बघा. आमच्या यंत्रात त्या वेल्ड केलेल्या होत्या. त्या झिजल्यावर विटा फुगीर यायला लागल्या आणि अख्खा साचा वर्कशॉपला न्यावा लागला. बोल्टच्या असतील तर पान्याने जागेवरच बदलता येतात, काम थांबत नाही.