आउटडोअर लीडर्सचा वाइल्डरनेस फर्स्ट एड कोर्स: करावा का? सविस्तर रिव्ह्यू

जे कोणी मुलांना किंवा मोठ्यांना डोंगरात, नदीवर, जंगलात घेऊन जातात त्यांनी हा कोर्स करावाच असं माझं मत झालंय, पण त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती पैसे भरायच्या आधी माहिती असलेली बरी, म्हणून लिहितेय.

आधी बेसिक गोष्ट. या कोर्सचे साधारण दोन प्रकार मिळतात, एक १६ ते २० तासांचा वीकेंडवाला आणि एक ७०-८० तासांचा मोठा. मी मोठा केला. नेहमीच्या फर्स्ट एडमध्ये ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची काही मिनिटं सांभाळायची असतात, इथे मात्र मदत पोहोचायला तासच्या तास लागणार, कदाचित रात्र काढावी लागणार, हे धरून शिकवतात. त्यामुळे फक्त पट्टी बांधून भागत नाही. पेशंटला जमिनीच्या गारव्यापासून कसं वाचवायचं, त्याला लघवीला लागली तर काय, नाडी आणि श्वास दर थोड्या वेळाने मोजून लिहून कसं ठेवायचं, हे सगळं येतं. ३० दाब आणि २ श्वासवालं सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा प्रयत्न) तर आहेच, पण ते कुठेही शिकता येतं.

खरी किंमत आहे ती सिम्युलेशन्सची, म्हणजे खोटे अपघात उभे करून घेतलेल्या सरावाची. खोटं रक्त, अंधार पडत आलेला, पाऊस, आणि ग्रुपमधलंच कोणीतरी पेशंट झालेलं. त्यात एक नियम फार कडक पाळायला लावला, ज्याला लीडर केलंय त्याने पेशंटला हात लावायचा नाही, माणसं असतील तर कामं वाटून द्यायची आणि स्वतः दोन पावलं मागे उभं राहून सगळीकडे लक्ष ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं पण समोर कोणी पाय धरून ओरडत असताना मागे उभं राहणं भयंकर अवघड जातं. एकदा असंच सगळे मोडलेल्या पायाभोवती जमले, स्प्लिंट (मोडलेलं हाड हलू नये म्हणून आधार) मस्त बांधलं, आणि इन्स्ट्रक्टरने मध्येच थांबवून विचारलं की बाकीचे कुठे आहेत? बाकीचे ओल्या कपड्यांत दगडावर बसून होते, एक जण तर शब्द नीट उच्चारत नव्हता, आणि हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शरीराचं तापमान उतरायला लागलं की जीभ अडखळते, हातातून वस्तू पडतात, पाय अडखळतात, माणूस चिडचिड करतो नाहीतर एकदम गप्प होतो. आणि कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं समजायचं नाही, बहुतेक वेळा ते जास्त बिघडल्याचं लक्षण असतं. हा धडा पुस्तकातून इतका पक्का डोक्यात बसला नसता.

उष्माघाताचा भाग पण उत्तम. उन्हात मेहनत करताना माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागला, चक्कर येऊन पडला, तर आधी तिथेच गार करायचं आणि मग हलवायचं. गार करायचं म्हणजे कपाळावर ओला रुमाल नाही, शक्य असेल तर डोकं सांभाळून मानेपर्यंत थंड पाण्यात बसवायचं, नाहीतर सतत पाणी ओतत जोरात वारा घालायचा. आणि जबरदस्तीने लिटरच्या लिटर साधं पाणी पाजणं पण धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. हे मला वाटतं प्रत्येक कॅम्पच्या भिंतीवर लिहून लावायला हवं!

आता लीडरशिपचं सेशन. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे मध्ये कयाकिंगला (छोट्या होड्या वल्हवायला) गेलेल्या शाळेच्या ग्रुपमधली ४ मुलं दगावली, त्या सेंटरमधल्या दोन इन्स्ट्रक्टर्सनी आधीच्याच वर्षी सुरक्षेबद्दल लेखी इशारा देऊन काम सोडलं होतं. त्यानंतर १९९५ मध्ये तिथे ॲक्टिव्हिटी सेंटर्ससाठी कायदा आला. दुसरी केस न्यूझीलंडची, २००८, मांगातेपोपो घळ, मुसळधार पावसात पाणी अचानक चढलं आणि ६ विद्यार्थी आणि १ शिक्षक वाहून जाऊन दगावले. या केसेस नुसत्या सांगून सोडल्या नाहीत, तर प्रत्येकाला विचारलं की असं इशाऱ्याचं पत्र तुमच्या संस्थेत आलं तर ते नेमकं कोण वाचणार, आणि ट्रिप थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे? बऱ्याच जणांकडे उत्तर नव्हतं. मग संशोधक इयन मॅकॅमन यांनी हिमस्खलनाच्या अपघातांवर जे काम केलंय ते घेतलं, म्हणजे ओळखीची वाट आहे, एक्स्पर्ट सोबत आहे, एवढं ठरवून आलोय तर पूर्ण करूच, या विचारांपायी धोका समोर असूनही माणसं पुढे जातात. वाट आधीपासून माहिती असणं हे सेफ्टीचं कारण म्हणून आपण सगळे किती सहज सांगतो ना!

आणि आता ती उणीव. कोर्सच्या पूर्ण नावात वेलबीइंग, म्हणजे मनाचं स्वास्थ्य, हा शब्दही आहे, पण त्याला शेवटच्या दिवशी जेमतेम एक छोटं सेशन मिळालं, तेही घाईघाईत. त्यात सांगितलं की अपघातानंतर सगळ्यांना लगेच गोल बसवायचं आणि प्रत्येकाकडून घडलेलं सगळं बोलून घ्यायचं. हे जुनं झालंय हो. अशी जबरदस्तीची एकवेळची बैठक रूटीन म्हणून घेऊ नये असंच आता सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या सायकोलॉजिकल फर्स्ट एडच्या, म्हणजे मानसिक प्रथमोपचाराच्या, मार्गदर्शिकेत सरळ सांगितलंय की बघा, ऐका, जोडून द्या, म्हणजे आधी सुरक्षितता आणि रोजच्या गरजा बघा, ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, नाही बोलायचं तर खोदून विचारू नका, आणि घरच्यांशी, पुढच्या मदतीशी गाठ घालून द्या. हे शिकवायला एक दुपार पुरते. मुलांसोबत काम करणाऱ्यांना तर याची गरज हाडं बांधण्यापेक्षा जास्त वेळा पडते, रात्री तंबूत रडणारं मूल, पॅनिक अटॅक, घरची आठवण, ग्रुपमधलं चिडवणं. दोरावर चढायला नाही म्हणणाऱ्या मुलाला किती आग्रह करायचा आणि कुठे थांबायचं यावर एक शब्द नाही.

लीडरच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल पण काहीच नाही. सलग कॅम्प, अपुरी झोप, आणि तोच माणूस पहाटे उठून नदी ओलांडायची की नाही ते ठरवणार. झोप कमी पडली की निर्णय बिघडतो, त्यामुळे हा पण सुरक्षेचाच विषय आहे असं मला मनापासून वाटतं. फीडबॅकमध्ये मी हे लिहून दिलंय.

बाकी इन्स्ट्रक्टर प्रत्यक्ष फील्डवर काम करणारे, प्रश्नांना वेळ देणारे. हँडआउट ठीकठाक, चित्रं धूसर छापलेली. परीक्षेत प्रॅक्टिकलला महत्त्व आहे, नुसतं पाठ करून चालत नाही. सर्टिफिकेट सहसा दोन-तीन वर्षांसाठीच असतं, मग रिफ्रेशर करावा लागतो.

स्वतः ग्रुप नेत नसाल, मित्रांबरोबर एका दिवसात जाऊन येत असाल तर छोटा कोर्स पुरे. मुलं किंवा नवखी माणसं तुमच्या भरवशावर येत असतील तर मोठाच करा, आणि नाव नोंदवायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, सिम्युलेशन्स बाहेर उघड्यावर आणि अंधारात होतात का, आणि सायकोलॉजिकल फर्स्ट एड नेमकं किती तास. माझ्याकडून ५ पैकी ४, एक गुण त्या शेवटच्या सेशनपायी गेला.