कुंभार्लीच्या भीतीवर २३,९६० रुपये

२३,९६० रुपये. हायवेवरच्या एका गॅरेजने माझ्याकडून उकळलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना "किती गेले?" म्हणून खाली पळायला नको. ९,३०० दोन टायरचे, ५,८०० दोन लोअर आर्मचे (चाक सांगाड्याला धरणारे दांडे), ३,६०० "कँबर करेक्शन"चे (चाकाचा तिरपेपणा सुधारणे), २,४०० मजुरी, १,९०० टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा), ८०० अलाइनमेंट-बॅलन्सिंग आणि १६० नायट्रोजनचे. त्यातले ते नायट्रोजनचे १६० मला सगळ्यात जास्त झोंबतात.

आणि बिघाड काय होता? पुढच्या डाव्या ब्रेकच्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, पिन अडकली होती. चिपळूणला तो निघाला, १,७३० रुपयांत, नव्या पॅडसकट.

गणपतीला गावी निघालो होतो, २०२५ ची गोष्ट. गाडीत आई, बायको, दोन पोरं, डिकीत मखर. सातारा जवळ आल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला की कडेची पांढरी पट्टी जवळ येत होती. आता आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाते हे मलाही माहीत आहे. हे किंचित नव्हतं. म्हणून सर्व्हिस रोडवरच्या एका गॅरेजात वळवली. पाटी चकचकीत, बाहेर "अलाइनमेंट चेकिंग मोफत", आत काच लावलेली एसी खोली. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय. तिथून पुढे काय होतं हे तुम्हाला पाठ असेल. मोफत चेकिंग, स्क्रीनवर लाल आकडे, "सर, जरा खाली येऊन बघा", मग टॉर्च मारून एक बुश हलवून दाखवणे. मलाही पाठ होतं. तरी पैसे गेले.

कारण त्याने पहिला प्रश्न विचारला, "कुठं निघालाय?" मी म्हटलं, कराडहून पाटण, पुढे चिपळूण. "म्हणजे कुंभार्ली घाट उतरणार," तो म्हणाला आणि आईकडे बघून म्हणाला, "मावशी, घाटात लोअर आर्म सुटला तर चाक आडवं होतं." संपलं. आई देवाचं नाव घ्यायला लागली, बायकोने माझ्याकडे बघितलं. घरचे गाडीत असताना, पाऊस कोसळत असताना, "नको, आपण बघू पुढे" म्हणणारा बाप्या मला दाखवा. उगाच शहाणपण शिकवायला येऊ नका.

आता मला रात्री-अपरात्री आठवतो तो क्षण सांगतो. आम्हाला एसी खोलीत बसवलं होतं, चहा दिला होता. धाकट्याला लघवीला लागली म्हणून मी त्याला घेऊन मागच्या बाजूला गेलो, तर एक पोरगा रॅम्पखाली काळ्या स्प्रेचा डबा हलवत उभा. आतली गोळी खडखडत होती. रंगाचा उग्र वास. मी विचारलं, "हे काय रे?" तो थबकलाच नाही. "नवीन पार्टला गंज धरू नये म्हणून कोटिंग मारतो सर." आणि फस्स करून मारलासुद्धा. नवीन लोअर आर्म डब्यातून काळाच येतो. त्याला पुन्हा काळा रंग कशाला? पण पोरगं माझा हात ओढत होतं, "बाबा, लवकर", आणि मी गेलो. रिकामा खोका कुठे आहे, जुना आर्म कुठे आहे, एवढं विचारायला दहा सेकंद लागली असती.

अलाइनमेंटच्या प्रिंटवर वरती गाडीचं मॉडेल दुसरंच होतं, तेही मी वाचलं होतं आणि विचारलंही होतं. "प्लॅटफॉर्म सेमच असतो सर." हे असं इतक्या सहज बोलतात की विचारणाऱ्यालाच वाटावं, आपण अडाणी. सेम बिम काही नसतं. मोजमापं मॉडेलनुसार असतात, आणि दुसऱ्या गाडीची मापं टाकली की धडधाकट गाडीही लाल दिसते.

कँबर करेक्शनबद्दल तर बोंबलून सांगतो. आपल्या बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा रोख, कमीजास्त करता येतो. कँबर बदलायला कंपनीने काही सोयच दिलेली नसते. मग हे लोक करतात काय? हायड्रॉलिक शिकंजा लावून स्ट्रट, म्हणजे चाकावरचा शॉकअॅब्सॉर्बरचा खांब, वाकवतात. चाकामागे १,८०० रुपये घेऊन धड वस्तू वाकडी करून देतात. कँबर चुकलाच असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते बदलायचं असतं.

काम झाल्यावर "ट्रायल घ्या सर" म्हणाला. घेतली. गाडी सुतासारखी सरळ! इथेच मला तोंडावर पाडलंय. गाडी तीन-एक तास उभी होती, ब्रेक पूर्ण थंड झाला होता. अडकलेला कॅलिपर थंड असताना पॅड बऱ्यापैकी सोडतो. पाच-दहा वेळा ब्रेक दाबला, डिस्क तापली की पुन्हा धरतो. दीड किलोमीटरच्या ट्रायलमध्ये ते कुणालाच कळणार नाही. ट्रायल घ्यायची तर गाडी तापेपर्यंत घ्या, पैसे द्यायच्या आधी.

पैसे दोन क्यूआरवर मागितले. १५,००० एकावर, ८,९६० दुसऱ्यावर. दोन्हींवर माणसांची नावं, दुकानाचं एकही नाही. हातात आला तो कागद, त्यावर छापलेलं "एस्टिमेट". मी पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वर लागेल. तिथे मी गप्प बसलो. तुम्हीही बसता, मला माहीत आहे.

पाटण सोडलं आणि ओढ परत सुरू. कुंभार्ली उतरताना आईला जळका वास आला. मी म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल. अर्ध्या घाटात ब्रेक पायाला मऊ लागायला लागला. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी धरून खाली आणली, आणि त्या दिवशी मागे बसलेल्या कुणालाही मी हे सांगितलेलं नाही. २३,९६० घेतल्याचा राग एका बाजूला. पण ज्या घाटाची भीती घालून पैसे काढले, त्याच घाटात त्याने आम्हाला तापलेल्या ब्रेकवर सोडलं. त्याने चारी चाकं खोलली होती हो! पॅड त्याच्या नाकासमोर होते.

चिपळूणला एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी ना कॉम्प्युटर लावला ना प्रिंट काढली. आधी हवा मोजली, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून. (हायवेवाल्याने हवा मोजलीच नव्हती, थेट नायट्रोजन. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, ते फुकट असतं.) मग चारी चाकांजवळ हात नेला. डाव्या पुढच्याजवळ हात धरवेना. जॅक लावला. उजवं चाक बोटाने फिरत होतं, डावं दोन हातांनी जेमतेम. कॅलिपर काढला तर पिनचं रबर फाटलेलं, आत पाणी जाऊन पिन गंजलेली. आतला पॅड पत्र्याला टेकायच्या बेतात, बाहेरचा जाडजूड. पॅडसंच १,१५०, रबर आणि ग्रीस १८०, मजुरी ४००. खोललेले पॅड त्यांनी न मागता कागदात बांधून दिले.

मग मी म्हटलं, लोअर आर्म नवीन टाकलेत, बघा जरा. त्यांनी चाक वळवून आत बघितलं आणि हसलेच. "दादा, हा नट हललेलाच नाही." काळा रंग आर्मवरून नटावर आणि नटावरून बॉडीवर सलग गेला होता. पान्याची एक खूण नाही. शेजारच्या प्लास्टिकवरही काळे शिंतोडे. नखाने खरवडलं तर खाली आमचाच जुना गंज. टाय रॉड एंडची तीच कथा. टायर तेवढे खरंच बदलले होते, पण बाजूवर शेवटचे चार आकडे ३५२०. म्हणजे २०२० सालचा ३५ वा आठवडा, पाच वर्षं गोदामात पडलेला माल. आणि आमचे जुने टायर तिथेच ठेवून घेतले. ओढ टायरमुळे आहे का हे बघायचं असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करतात. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायर, नाही गेली तर नाही. फुकटात होणारी गोष्ट. (बाणवाले एकदिशी टायर असतील तर मात्र असं करू नका.) नवीन टायर टाकूनही पाटणपुढे ओढ डावीकडेच होती, यातच सगळं आलं.

आता सरकारदरबार. गावाहून परतताना त्या हद्दीतल्या चौकीत गेलो. फोटो, कागद, क्यूआरचे स्क्रीनशॉट, सगळं दाखवलं. हवालदार म्हणाले, "गाडी चालतेय ना? मग फसवणूक कसली?" म्हटलं, न टाकलेल्या पार्टचे पैसे घेतले. "तुम्ही राजीखुशीने दिले. दिवाणी मॅटर आहे." म्हटलं, ४२० होत नाही का? तर माझीच शिकवणी, "४२० गेलं आता, न्याय संहिता आली." हो, आली, १ जुलै २०२४ पासून, आणि त्यात ३१८ आहे, फसवणुकीचंच! कलम बदललं, लुबाडणूक बंद झाली नाही. घराजवळच्या ठाण्यात गेलो तर "हद्द आमची नाही". हद्द नसली तरी गुन्ह्याची खबर घ्यावी लागते असं कायद्यात आहे म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. आरटीओत खिडकीवरच्या बाईंनी न बघता सांगितलं, "गॅरेज आमच्याकडे येत नाही." येतं कुणाकडे मग? बाईंनी पुढच्याला हाक मारली. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. कराच्या कार्यालयात विचारलं की जो माणूस बिलच देत नाही त्याची तक्रार कशी करायची, तर म्हणाले, "बिलाची प्रत जोडा." हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये. ऑनलाइन तक्रार टाकली, ती "निकाली" झाल्याचा मेसेज आला. कुणी निकाली काढली, काय निकाल लागला, पत्ता नाही. एक माणूस दिवसाढवळ्या जुन्या लोखंडाला काळं फासून नवं म्हणून विकतो, आणि ही गोष्ट कुणाच्याच टेबलावर येत नाही!

शेवटी ग्राहक आयोग. हे आधी कुणी सांगितलं असतं तर चपला वाचल्या असत्या. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेजच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे "एस्टिमेट"चा कागद फेकू नका, तोच पुरावा. मिस्त्रींकडून मी सहीनिशी लिहून घेतलंय की आर्म जुनेच आहेत. रंग पुसायच्या आधी व्हिडिओ काढलाय, नटावर कॅमेरा धरून. स्ट्रटवर शिकंज्याचे चावे आहेत, त्यांचेही फोटो आहेत, आणि दोन नव्या स्ट्रटचे पैसे मागण्यांत घातलेत.

परवा गॅरेजवाल्याच्या वकिलाचं उत्तर आलं. म्हणे तक्रारदाराने काम समाधानकारक झाल्याची सही केलेली आहे. बरोबर आहे, सही माझीच आहे. गाडी आत घेतानाच घेतली होती, सगळ्यांचीच घेतात. त्या वेळी जॉबकार्डावर माझं नाव आणि गाडीचा नंबर, बाकी सगळं कोरं होतं.