झॅपर आणि गनकॉन: नेम ओळखण्याच्या दोन रीती
निन्टेन्डोचे झॅपर आणि नामकोचे गनकॉन या दोन्ही प्रकाश-बंदुका, म्हणजे व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर नेम धरायची बंदुकीसारखी साधने, दिसायला एकाच कुळातल्या असल्या, तरी नेम लागला की नाही हे ठरवण्याची त्यांची रीत मुळातच वेगळी आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या झॅपरला पडद्यावरील जागा कळतच नाही. चाप ओढताच 'डक हंट' या बदके टिपण्याच्या खेळाचा पडदा क्षणभर काळा होतो, मग प्रत्येक बदकाच्या जागी आळीपाळीने पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतील प्रकाशसंवेदकाला ज्या क्षणी उजेड जाणवतो त्यावरून कोणते बदक टिपले गेले ते कन्सोल (खेळ चालवणारे यंत्र) ओळखतो. आधीच्या क्षणभराच्या काळ्या पडद्यामुळे दिव्याकडे बंदूक रोखून फसवणूक करता येत नाही. इतक्या थोड्या साधनांतून साधलेली ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

'टाइम क्रायसिस' या नेमबाजीच्या खेळासोबत १९९७ मध्ये प्लेस्टेशन कन्सोलवर आलेले गनकॉन मात्र व्हिडिओच्या पिवळ्या तारेलाही जोडावे लागते. त्या संकेतावरून चित्र रेखाटणाऱ्या इलेक्ट्रॉन-झोताची वेळ मोजून ते नेमाचा नेमका बिंदू काढते. त्यामुळे शत्रू कितीही असले तरी चौकोन दाखवावे लागत नाहीत, आणि अचूकतेत गनकॉन निर्विवाद सरस ठरते. जोडणी व नेम जुळवणी यांचा खटाटोप तेवढा वाढतो.

दोघांचीही भिस्त जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचावर असल्याने सपाट पडद्यांवर दोन्ही निकामी ठरतात. म्हणूनच २००७ च्या गनकॉन ३ ने पडद्याशेजारी ठेवायच्या अवरक्त दिव्यांचा आधार घेतला.