शनिवारी व्हिलनची केस उघडतात ते विश्रामबागचं गेमिंग कॅफे: नक्की जा

हा गेमचा रिव्ह्यू नाही हं, सांगलीत विश्रामबागला जे छोटं गेमिंग कॅफे आहे तिथं शनिवारी संध्याकाळी जे चालतं त्याचा आहे. एक व्हिलन घ्यायचा, तो खराखुरा आरोपी आहे असं धरायचं आणि त्याची अख्खी केस मांडायची. क्राइमच्या पॉडकास्टमध्ये मांडतात तशीच, फक्त इथं घटनास्थळ समोर स्क्रीनवर चालू असतं, आपण म्हणू त्या खोलीत जाता येतं, टेबलावरचा कागद उचलून वाचता येतो. खाली स्पॉयलर भरपूर आहेत, बायोशॉक आणि सॅन अँड्रियास हे गेम खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून घ्या.

चालवणारा दादा एकटाच सगळं करतो. आत शिरलं की हातात स्टेपल मारलेली फाईल मिळते, सगळी मराठीत, आणि तिचा क्रम बघूनच मला हा माणूस आवडला. पहिल्या पानावर मयत. नाव, काम, कुठं राहायची, शेवटचं कुणाशी बोलली. मग घटनास्थळ, मग साक्षीदार, मग मुद्देमाल, आणि आरोपी सगळ्यात शेवटी. व्हिलनवर बोलायचं म्हटलं की आपण सगळे सुरुवातच त्याच्या डायलॉगपासनं करतो, तो कसला भारी आहे, त्याचा आवाज कुणाचा आहे, आणि त्यानं मारलेली माणसं म्हणजे वाटेतले सांगाडे, ज्यांचे खिसे तपासून गोळ्या घ्यायच्या आणि पुढं जायचं. इथं तसं होत नाही. यासाठीच मी पुन्हा पुन्हा जातो.

सगळ्यात चांगली झालेली केस म्हणजे बायोशॉकमधला जास्मिन जोलीनचा खून. गेम २००७ चा, गोष्ट १९६० मधली, समुद्राच्या तळाला बांधलेलं रॅप्चर नावाचं शहर आणि ते बांधणारा अँड्र्यू रायन. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना रायन आठवतो, त्याचा वैरी फाँटेन आठवतो, डॉक्टर स्टाइनमन आठवतो, जास्मिन मात्र कुणालाच आठवत नाही. कारण शहराच्या फोर्ट फ्रॉलिक भागात आपण असतो सँडर कोहेन नावाच्या माथेफिरू कलाकाराच्या तावडीत, त्याच्या शिष्यांना मारून त्यांचे फोटो काढायच्या गडबडीत, आणि ईव्हज गार्डन नावाच्या क्लबमधली ती मागची खोली त्याच गडबडीत मागं पडते.

दादानं शत्रू आधीच साफ करून ठेवलेला सेव्ह लोड केला आणि त्या खोलीत नुसता उभा राहिला. पलंगावर बाई पडलेली. आत शिरताच भूतकाळातला आवाज येतो, ती रायनला विनवतीय, मला माहीतच नव्हतं ह्यात फाँटेनचा हात आहे म्हणून. तिचीच एक ऑडिओ डायरी तिथं मिळते. मग दादा एकेक धागा जोडत गेला. ती क्लबमध्ये नाचणारी, रायनशी संबंध, त्यातनं दिवस गेले, आणि पैशाच्या गरजेपोटी तो गर्भ तिनं टेनेनबाउम नावाच्या शास्त्रज्ञ बाईला विकला. मागनं पैसा कुणाचा होता हे तिला ठाऊक नव्हतं. रायनला कळलं आणि त्यानं तिला तिथंच संपवलं.

आता ह्यावर जी चर्चा झाली ना ती मी कुठल्याच यूट्यूब चॅनलवर ऐकलेली नाही. लॉ करणारी एक मुलगी होती, ती म्हणाली की बचाव पक्ष अचानक आणि गंभीर प्रक्षोभाचा मुद्दा घेणार, म्हणजे खुनाच्या कलम ३०२ ऐवजी सदोष मनुष्यवधाच्या ३०४ वर आणायचा प्रयत्न करणार. मागनं एकजण म्हणाला आता ३०२ कुठं राहिलंय, १ जुलै २०२४ पासनं न्याय संहिता आली, खुनाला कलम १०३. त्यावर तिनं सांगितलं की नवीन कायदा त्या तारखेनंतरच्या गुन्ह्याला, आपल्या रायनचा गुन्हा १९६० च्या आधीचा, त्याला जुनंच कलम. मग ती मुद्द्यावर आली. प्रक्षोभ अचानक पाहिजे, आणि रायन सगळं कळल्यावर स्वतः चालत तिच्या खोलीपर्यंत गेलाय, वाटेत थंड व्हायला वेळ होता. खोली केवढी आहे, दार कुठं आहे, ती कुठं पडलीय हे स्क्रीनवर परत परत बघून लोक वाद घालत होते.

आणि मग फाईलचं शेवटचं पान. त्या गर्भाचं पुढं जे मूल झालं ते म्हणजे जॅक, म्हणजे आपणच, कंट्रोलर हातात धरलेला माणूस. स्वतःच्या आईच्या खुनाच्या जागेवरनं आपण गोळ्या गोळा करून निघून गेलेलो असतो आणि त्या वेळी गेम एक शब्द बोलत नाही. पुढं रायनच्या ऑफिसकडं जाताना ती भिंत लागते, फोटो लावलेली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेली, तेव्हा सगळं जुळतं. मी हा गेम पूर्ण खेळलेला आहे आणि तरी त्या शनिवारी घरी जाताना डोक्यात जास्मिनच होती, रायन नव्हता.

दुसरी केस सॅन अँड्रियासमधल्या भ्रष्ट पोलीस टेनपेनीची, ह्याला तोबा गर्दी, कारण हा २००४ चा गेम असला तरी आमच्या पिढीनं तो सायबर कॅफेत तासाच्या हिशोबानं खेळलाय. सुरुवात आठवा, १९९२, गेमचा हिरो सीजे आईच्या मयतीला गावी येतो, टेनपेनी त्याला गाडीत घालतो, पैसे काढून घेतो आणि एक हत्यार दाखवतो, म्हणतो ह्यानं दहा मिनिटांपूर्वी एका पोलिसाचा खून झालाय, तुझ्या नावावर टाकू का. हा सीन चालू असताना मागच्या खुर्चीवरचे एक काका एकदम म्हणाले, "थांब थांब. दहा मिनिटांत हत्यार ह्याच्या गाडीत आलं कसं? जप्तीचा पंचनामा कुठाय? पंच कोण होते? सील कुठाय?" काका पोलिसातनं रिटायर झालेले, नातवाला सोडायला आले होते आणि बसले. दादानं सीन मागं घेतला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच पुढं या आणि सांगा." मग त्यांनी मुद्देमाल कसा सील करतात, त्यावर पंचांच्या सह्या का लागतात, साखळीतला एक दुवा तुटला तर कोर्टात केस कशी पडते हे असं समजावलं की पोरं फोन खाली ठेवून ऐकत होती. पेंडलबरी नावाचा पोलीस मेलाय हे ज्या सीनमध्ये कळतं तो आपण सगळ्यांनी इतक्या वेळा बघितलाय, पण ते हत्यार त्या गाडीत कशामुळं असेल हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

इथनं पुढं दादा खऱ्या घटनेवर आला. टेनपेनीच्या युनिटचं नाव क्रॅश, आणि लॉस एंजेलिस पोलिसात त्याच नावाचं गँगविरोधी युनिट खरंच होतं. रॅम्पार्ट भागातल्या क्रॅशचा अधिकारी राफाएल पेरेझ १९९८ मध्ये जप्त केलेलं कोकेन चोरल्याबद्दल पकडला गेला आणि मग तो बोलायला लागला. हाविएर ओवांडो नावाच्या निःशस्त्र तरुणाला १९९६ मध्ये त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं गोळ्या घातल्या, शेजारी बंदूक ठेवली, आणि उलट त्याच्यावरच हल्ल्याची केस केली. तो कायमचा अपंग झाला, वर २३ वर्षांची शिक्षा. १९९९ ला सुटला, नंतर शहराला दीड कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. ह्या प्रकरणात शंभरहून जास्त लोकांच्या शिक्षा रद्द झाल्या. गेमच्या शेवटी टेनपेनी कोर्टातनं सुटतो आणि दंगल पेटते, तेही १९९२ च्या खऱ्या दंगलीवरनंच घेतलंय, रॉडनी किंग ह्या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टात सुटल्यावर झालेल्या.

इथं दादाची समज दिसली. ओवांडोवर बोलताना त्यानं बॅकग्राउंडचं म्युझिक बंद केलं, स्क्रीन काळी ठेवली, फोटो एकही नाही. जास्मिनच्या पलंगापाशी आपण हवं तेवढं थांबू शकतो कारण ती कुणाची खरी मुलगी नाही, तिच्या घरचं कुणी हे ऐकून दुखावणार नाही. ओवांडो खरा माणूस आहे. खऱ्या गुन्ह्यांवर कार्यक्रम करणारे कितीतरी जण एवढंही पाळत नाहीत, खुनाच्या वर्णनात मधेच जाहिरात येते.

सगळे शनिवार असे असतात असं नाही. एकदा दादा बाहेरगावी होता आणि सेफिरॉथची केस दुसऱ्या कुणीतरी घेतली. अर्धा वेळ त्याची तलवार, त्याचे लांब केस आणि थीम म्युझिक. मला मनापासून राग आला, कारण फायनल फँटसी सेव्हनमध्ये, १९९७ च्या गेममध्ये, निबेलहाइम गावासारखी केस पडलीय. सेफिरॉथ गाव जाळतो, हिरो क्लाउडची आई जाते, त्याच्या मैत्रिणीचे, टिफाचे वडील जातात, आणि मग सेफिरॉथ ज्यांच्या नोकरीत होता ती शिनरा कंपनी काय करते, तर गाव होतं तसं परत बांधते आणि त्यात पगारी माणसं आणून ठेवते, जी विचारलं तर सांगतात इथं आग लागलीच नव्हती. पुरावा नष्ट करण्याचं ह्याच्यापेक्षा मोठं उदाहरण कुठल्या गेममध्ये असेल मला सांगा. आरोपी एक नाही, अख्खी कंपनी पाहिजे पिंजऱ्यात. ते सगळं पाच मिनिटांत गुंडाळलं, फाईलमध्ये मयतांची नावंसुद्धा नव्हती. दादा, ही केस तुम्ही स्वतः परत घ्या, मी सांगून ठेवलंय आणि इथं परत लिहितोय.

बाकी व्यवस्थेचं सांगायचं तर खोली लहान आहे, एसी आहे पण मागच्या रांगेपर्यंत गार होत नाही, आणि स्पीकर एकाच बाजूला असल्यामुळं ऑडिओ डायऱ्या मागं नीट ऐकू येत नाहीत. ह्या कार्यक्रमात निम्मा पुरावा आवाजातच असतो, त्यामुळं दुसरा स्पीकर घ्याच. शंभर रुपये घेतात, त्यात चहा आणि भडंग, भडंग ताजं असतं. अठराच्या खालच्यांना रक्तपाताच्या केसला बसू देत नाहीत, ओळखपत्र बघतात, हे एकदम बरोबर आहे. बारक्यांसाठी महिन्यातनं एकदा वेगळी केस असते, पुढची पोर्टल गेममधल्या ग्लाडोस ह्या खुनशी कॉम्प्युटरची, पॅनेलच्या मागं भिंतीवर जो माणूस लिहून ठेवून गेलाय त्याला साक्षीदार धरून. साडेसहाला सुरू होतं, सहाला पोचा, पुढची रांग लवकर भरते.