मिटन्स, स्कार्फ की शाल? गिफ्टसाठी विणायला घेण्याआधी हे वाचा

कुणाला हाताने विणलेलं काहीतरी द्यायचं डोक्यात आलं की दहातले नऊ जण स्कार्फच घेतात, कारण काय तर सोपा आहे, सरळ पट्टी तर विणायची, त्यात काय चुकणार. मीही तेच केलं होतं. तीन वर्षं झाली, तो स्कार्फ अजून सुईवरच आहे आणि ज्याच्यासाठी होता त्याला मधल्या काळात मिटन्सच्या, म्हणजे चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा अशा हातमोज्यांच्या, दोन जोड्या देऊन झाल्या!

सोपं म्हणजे लवकर होणारं, हा जो समज आहे ना तिथेच घोळ होतो. जरा टाके मोजून बघू. मध्यम जाडीची लोकर, सगळ्या ओळी सुलट, रुंदी १८ सेंटीमीटर, म्हणजे ३२ टाके धरा. लांबी १७० सेंटीमीटर हवी तर ६०० च्या वर ओळी होतात, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस हजार टाके. आता मिटन. गोल ४० टाके, साधारण ६५ ओळी आणि वर अंगठा, एका हाताचे तीन हजारही होत नाहीत, जोडीचे सहा हजाराच्या आत. मिनिटाला २० टाके पडतात असं धरलं तर जोडी पाचेक तासांची आणि स्कार्फ सोळा तासांचा. आणि ते सोळा तास सगळे सारखेच, कुठे काही बदलत नाही, म्हणून कंटाळा येतो आणि पिशवी कपाटात जाते.

शालीचं गणित मजेशीर आहे. वरून मधोमध सुरू होणारी तिकोनी शाल असते ना, चार-पाच टाक्यांवर सुरू करायची आणि दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढवायचे. दीडशे ओळी झाल्या की सुईवर ३०० टाके, एकूण साधारण साडेबावीस हजार. म्हणजे स्कार्फपेक्षा थोडेच जास्त, पण लोकांना शाल म्हटलं की धडकीच भरते. फसगत होते ती वेगळीकडे. ७५ ओळी झाल्या की वाटतं अर्धी झाली, पण नाही हो, पाव झालेली असते, अर्धी होते १०६ व्या ओळीच्या आसपास. शेवटच्या ४४ ओळीच अर्धी लोकर खातात. त्यामुळे तारीख ठरलेली असेल तर ओळी मोजू नका, गुंडा वजनकाट्यावर ठेवा, तो खरं बोलतो.

आता मिटन्सची भीती. चार-पाच दुतोंडी सुया हातात धरायच्या म्हणजे साळिंदर धरल्यासारखं वाटतं पहिल्यांदा, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर कळतं की एका वेळी विणायचं दोनच सुयांवर, बाकीच्या नुसत्या टाके सांभाळतात. अवघड असा भाग एकच, अंगठा. त्या जागेचे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने विणून ठेवायचे आणि नंतर दोरा काढून तिथले टाके उचलून अंगठा विणायचा. मी पहिल्या जोडीत तो दोरा दोन्हीकडे सेम जागी घातला आणि टोक बंद करून झाल्यावर, अगदी हातात घालून बघताना कळलं की माझ्याकडे दोन डावे हात तयार आहेत. एक उसवला. तेव्हापासून दुसऱ्या मिटनला सुरुवात करण्याआधी पहिला हातात घालून समोर धरते आणि अंगठा कुठल्या बाजूला यायला हवा ते बघते.

मिटन्समध्ये खरी अडचण म्हणजे माप. पंजाचा घेर, अंगठा सोडून, माहीत हवा आणि तो सरप्राइज ठेवून विचारणार कसा? त्या माणसाचा जुना हातमोजा मिळाला तर उत्तम. नाहीतर मनगटाला दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर लांब घाला, ती ताणते, बरंच सांभाळून घेते. आणखी एक, दुसरा मिटन लगेच घ्या, महिन्याने घेतलात तर तुमचा विणण्याचा हात बदललेला असतो, एक घट्ट एक सैल होतो.

स्कार्फ आणि शालीला मापच नाही, हा त्यांचा मोठा फायदा. घेर माहीत नसेल तर बिनधास्त यांच्याकडे वळा. फक्त स्कार्फला एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी नेहमीची वीण घेऊ नका, कडा आतल्या बाजूला गुंडाळतात आणि स्कार्फची नळी होते, कितीही इस्त्री फिरवा. सगळं सुलट किंवा रिब, म्हणजे मनगटासारखी दोन सुलट दोन उलट, घ्या. अगदी लहान बाळासाठी मात्र स्कार्फ नकोच, गळ्याभोवती लांब काही असणं धोक्याचं, त्यांना बिनअंगठ्याच्या छोट्या पिशव्या विणा, एका संध्याकाळी होतात.

लोकर कुठली हे घेणारा माणूस कपडे कसे धुतो त्यावर ठरवा. सगळं मशीनमध्ये टाकणारा असेल तर साधी शुद्ध लोकर देऊ नका, गरम पाण्यात घुसळली की आटून नमद्यासारखी होते. अ‍ॅक्रिलिक किंवा सुपरवॉश, म्हणजे मशीनमध्ये न आटणारी लोकर, द्या. पण जाळीची शाल अ‍ॅक्रिलिकमध्ये मला नाही आवडत, कारण जाळी उघडते ती ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवल्यावर, आणि लोकर तो ताण धरून ठेवते तसं अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्याने धरत नाही. शालीला बारीक लोकर, १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटरवाली, एका गुंड्यात खांद्यापुरती होते. स्कार्फला मध्यम जाडीची २०० ग्रॅम तरी लागते, मिटन्सना १०० पुरते. एकापेक्षा जास्त गुंडे लागणार असतील तर सगळ्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघून घ्या, नाहीतर मधोमध रंग बदललेला दिसतो.

माझं मत विचाराल तर, दोन आठवडे हातात आहेत आणि माप मिळतंय तर मिटन्स, डोळे झाकून. दोन-तीन महिने आहेत आणि माणूस जपून वापरणारा आहे तर शाल. स्कार्फ तेव्हाच जेव्हा तुम्ही रोज तासभर प्रवासात बसता आणि न बघता हात चालतील असं काहीतरी हवंय. आणि मिटन्स दिलेत तर सोबत त्याच लोकरीचा दोन-चार मीटरचा तुकडा गुंडाळून द्या, अंगठ्याचं टोक सगळ्यात आधी झिजतं.