‘चाचणी’च्या नावाखाली चामखिळीचे यंत्र गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या आत्याची फसवणूक केवळ पैशांपुरती असती, तर मी ती इतक्या विस्ताराने लिहिली नसती. रामबागेतल्या एका भाड्याच्या सभागृहात भरलेल्या मोफत त्वचा तपासणी शिबिरात तिला सांगण्यात आले की, टाके न घालता चामखीळ काढणाऱ्या नव्या उपकरणाच्या चाचणीसाठी तिची निवड झाली आहे; तिने 4,500 रुपये अनामत भरून उपकरण घरी न्यावे, वापरून अहवाल द्यावा आणि नंतर मानधनासह सर्व रक्कम परत घ्यावी. ज्या कागदावर तिची सही घेतली तो इंग्रजीत होता आणि त्याची प्रतही तिला मिळाली नाही.

शिबिरात दाखवले होते ते बारीक रबरी कडे बसवण्याचे साधन. कडे चामखिळीच्या देठाशी घट्ट बसले की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती वाळून गळून पडते. ही पद्धत खरी आहे, म्हणूनच शिबिरातल्या लोकांचा विश्वास बसला. खोक्यातून मात्र विजेच्या ठिणगीने त्वचा जाळणारे पेन निघाले, ज्यावर उत्पादकाचा पत्ता नव्हता आणि परवाना क्रमांकही नव्हता. आत्याने फोन करून विचारले, तेव्हा ‘हे सुधारित मॉडेल आहे’ असे उत्तर मिळाले. ती मधुमेही आहे. मानेवर मंगळसूत्र घासते नेमक्या त्या जागी जखम चिघळली, आणि तोवर तो फोन कायमचा बंद झाला होता.

त्वचारोगतज्ज्ञांना सर्वांत गंभीर वाटली ती वेगळीच गोष्ट. शिबिरातल्या माणसाने मानेवरचा एक काळसर उंचवटाही चामखीळ म्हणून दाखवला होता आणि आत्याने तोही जाळला होता. कापून काढलेला तुकडा शंका आल्यास पॅथॉलॉजी तपासणीला पाठवता येतो. जाळलेल्या भागातून तपासण्याजोगे काही उरत नाही. साधी चामखीळ निरुपद्रवी असते, आणि काढायचीच झाली तर डॉक्टर जागा बधिर करून ती कात्रीने कापतात, विजेने जाळतात किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. मात्र ती चामखीळच आहे ना, हे ते आधी पाहतात. आत्याच्या बाबतीत हे पाहणेच झाले नाही, याचा मला आजही संताप येतो.

खऱ्या चाचणीत सहभागी व्यक्तीकडून अनामत घेत नाहीत. नैतिकता समितीची मंजुरी, सहभागीला समजणाऱ्या भाषेतले माहितीपत्रक आणि संमतीपत्र, तसेच चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई या गोष्टी नियमांनीच बंधनकारक आहेत, आणि वैद्यकीय उपकरणांसाठी 2017 चे स्वतंत्र नियम आहेत. चाचणीचा नोंदणी क्रमांक भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत कोणालाही विनामूल्य शोधता येतो. औषध चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला स्वास्थ्य अधिकार मंच इंदूरचाच. त्याच शहरात ‘चाचणी’ हा शब्द वापरून वयस्कर बायकांना लुबाडले जावे, हे फार वेदनादायक आहे.

पैसे ऑनलाइन दिले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्वरित कळवावे, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधी खाते गोठवले जाण्याची शक्यता असते. आम्ही तक्रार केली आहे. पेन, खोके, पैसे दिल्याची नोंद आणि जखमेची छायाचित्रे जपून ठेवली आहेत. त्या शिबिरात नाव नोंदवलेल्या कोणाकडे असे पेन असेल, तर त्यांनी ते वापरू नये, फेकूनही देऊ नये, आणि पोलिसांत आपली स्वतंत्र तक्रार नोंदवावी.